क्लच दाबताना येणारा चीं-चीं आवाज : गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी काय काय तपासावे?

कुंभार्लीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी, वायरच्या क्लचची छोटी गाडी आहे. मुक्काम चिपळूण असल्यामुळे कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडे नेहमीच जाणे होते. गेल्या काही आठवड्यांपासून क्लचचे पेडल दाबताना बारीक चीं-चीं असा आवाज येऊ लागला आहे. सकाळी गाडी थंड असते तेव्हा तो अजिबात नसतो. घाट चढून वर आलो किंवा बाजारपेठेच्या गर्दीत अर्धा-पाऊण तास अडकलो की सुरू होतो आणि पेडल सोडतानाही येतो. क्लच घसरत नाही, गिअर सहज पडतात, गाडी उचलताना थरथर नाही. पेडल मात्र पूर्वीपेक्षा किंचित जड झाल्यासारखे वाटते.

गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा बॉनेटही न उघडता ‘क्लचचा पूर्ण सेट बदलावा लागेल, गाडी दोन दिवस ठेवा’ असे सांगण्यात आले. खर्च करण्यास माझी ना नाही. परंतु गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी ओळखता येते का, एवढे जाणून घ्यायचे आहे.

दहा-अकराचा पाना
ओळखता येते, आणि त्यासाठी हत्यारे लागत नाहीत. आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, याकडे लक्ष द्या. चीं-चीं, किरकिर, घरघर ही वर्णने प्रत्येक जण आपापल्या कानाने करतो आणि त्यावरून निदान करू गेल्यास फसगत होते. पेडल कोणत्या जागी आहे, इंजिन चालू आहे की बंद, गिअर पडलेला आहे की नाही, या तीन गोष्टी मात्र कोणीही तपासल्या तरी सारख्याच निघतात.

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून करायची. गाडी तापलेली असताना, म्हणजे आवाज येत असतानाच, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि पेडल सावकाश दाबून सोडा. इंजिन बंद असूनही तोच आवाज आला, तर बेअरिंगच्या फिरण्यातून तो येत नाही हे तिथेच सिद्ध झाले. मग उरतात ते केवळ सरकणारे किंवा डुलणारे भाग : पेडलचा बुश (पिनीभोवतीचे आधाराचे कडे), पेडलची स्प्रिंग, क्लच वायर, गिअरबॉक्सच्या बाहेरचा लिव्हर, फोर्कचा (रिलीज बेअरिंगला ढकलणाऱ्या काट्याचा) शाफ्ट व त्याचे बुश, आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) ज्या नळीवर पुढे-मागे सरकते ती नळी.

इंजिन बंद असताना शांत आणि चालू असताना आवाज, असे असेल तर दुसरी परीक्षा. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवून पेडलला पाय न लावता ऐका. पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर घ्यावा, कारण पेडल दाबले की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. याउलट पेडल दाबताच आवाज सुरू होतो आणि जसजसा जोर वाढतो तसतसा तो वाढतो, तर रिलीज बेअरिंग, किंवा ते ज्यावर टेकते त्या प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या तबकडीच्या) डायफ्राम स्प्रिंगची झिजलेली टोके. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावर, गाडी उभी असतानाच किंचाळल्यासारखा आवाज आला तर पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टच्या टोकाला इंजिनाकडून आधार देणारे), कारण त्या स्थितीत इंजिनाचा क्रँकशाफ्ट फिरत असतो आणि इनपुट शाफ्ट थांबलेला असतो. मात्र आडव्या इंजिनाच्या, पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत पायलट बेअरिंग नसतेच, त्यामुळे आपल्या बाबतीत तो मुद्दा बहुधा गळून पडेल.

या दोन परीक्षा करून येथे कळवा, मग पुढचे बोलू.

पुणे-सातारा
पाना काकांविषयी आदर आहे, पण मी थोडे वेगळे सांगतो. गाडी २०१३ सालची आहे आणि आयुष्याचा बराच भाग घाटात गेला आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही भाग एकाच वयाचे आहेत. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एक भाग बदलला काय आणि तीन बदलले काय, तेवढीच लागते. आज केवळ बेअरिंग बदलले आणि सहा महिन्यांनी प्लेट गेली, तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागेल. त्यामुळे गॅरेजने सेट सांगितला म्हणून लगेच संशय घेण्याचे कारण मला दिसत नाही. चांगल्या उत्पादकाचा सेट घ्या आणि निश्चिंत व्हा.

फोंड्याहून
पुणे-सातारा, गिअरबॉक्स उतरवायचाच आहे हे ठरल्यानंतर तुमचे म्हणणे रास्त आहे. येथे प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीत असाच आवाज होता आणि त्यालाही सेटच सांगितला होता. दोष निघाला पेडलच्या वरच्या पिनवरील प्लास्टिकच्या बुशमध्ये. डॅशबोर्डखाली आडवे होऊन डोके घातले, दुसऱ्याला हाताने पेडल दाबायला सांगितले आणि पिनवर बोट टेकवले की बोटालाच किरकिर जाणवत होती. पेडल काढून पिन पुसली, नवा बुश बसवला, पांढरे लिथियम ग्रीस लावले आणि विषय संपला. आवाज पायाजवळून येतो की बॉनेटमधून, हे आधी ठरवा. गाडीच्या आत बसून ऐकले तर दोन्ही सारखेच वाटतात, कारण वायर पत्र्यातून आत येते आणि तो पत्राच आवाज वाहून आणतो. काचा खाली करून एकदा आतून आणि एकदा बॉनेट उघडून बाहेरून ऐकले पाहिजे.

शोधक
वायरवर तेलाचा फवारा मारून पाहावा का? आमच्याकडे कोणताही आवाज आला की आधी तेच करतात.

रसायनी
कृपया घाईने करू नका. बाजारात मिळणारे गंज सोडवणारे पातळ फवारे हे मुळात चिकटलेले नट-बोल्ट सुटावेत म्हणून असतात. ते जुने ग्रीस विरघळवून धुऊन टाकतात आणि स्वतः लवकर उडून जातात. त्यामुळे आवाज थोडे दिवस थांबतो आणि नंतर तोच भाग अधिक कोरडा पडून जास्त आवाज करू लागतो. तोटा आणखी एक आहे : आवाज थांबल्यामुळे निदानाची संधी हातची जाते.

अलीकडच्या बऱ्याच क्लच वायरींत आतून नायलॉनसारखे अस्तर असते आणि त्यांत तेल घालू नये असे उत्पादकच सांगतात, कारण तेलाला धूळ चिकटून तिचे खरकागदी कीट होते. अशी वायर करकर करू लागली असेल किंवा तिच्या टोकाशी तारा तुटलेल्या दिसत असतील, तर ती बदलणे हाच उपाय.

ज्यांचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा, आहे त्यांनी तर अधिकच जपावे. मास्टर (पेडलकडच्या) आणि स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरमधील रबरी वायसर ब्रेक ऑइलसाठी, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ द्रवासाठी, बनवलेले असतात. त्यांना खनिज तेल किंवा साधे ग्रीस लागले की रबर फुगते, आणि आज केवळ आवाज करणारे पेडल उद्या खाली बसून राहते. तिथे रबराला चालणारे खास ग्रीसच वापरावे.

टेम्सकाठी
रसायनींच्या मुद्द्याला जोडून लिहितो. येथे इंग्लंडमध्ये गिअर हाताने टाकायच्या गाड्या अजून भरपूर आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ गाड्यांत फोर्क नसतोच. इनपुट शाफ्टभोवती गोल बसणारा स्लेव्ह सिलिंडर असतो आणि रिलीज बेअरिंग त्याच्याच तोंडाशी जोडलेले असते. अशा गाडीत आवाज पेडलपाशी नाही आणि बाहेरही काही हलताना दिसत नाही, असे झाले तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि बेअरिंगबरोबर सिलिंडरही बदलावा लागतो. कुंभार्लीकरांच्या गाडीत वायर आणि बाहेरचा लिव्हर आहे, ही त्यांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. लिव्हरला हात लावून पाहता येतो.

सह्याद्रीकन्या
मूळ प्रश्नाला थोडी बगल देते, पण घाटाचा उल्लेख आला म्हणून लिहावेसे वाटले. घाटात वाहनांची रांग लागली की अनेक जण ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतात. चढावर गाडी अशी धरली की क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या फिरत्या जड चाकावर) सतत घासत राहते आणि सगळी उष्णता त्या बंद घरात साठते. हँडब्रेक ओढून, क्लच पकडू लागल्याचे जाणवताच हँडब्रेक सोडायचा, ही सवय आमच्या वडिलांनी आम्हां बहिणींना आंबोली घाटात लावली. गाडी सरळ रस्त्यावर धावत असताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवणेही तितकेच वाईट. पायाचा थोडासा भारही रिलीज बेअरिंगला स्प्रिंगवर दाबून ठेवतो आणि जे बेअरिंग गिअर बदलण्यापुरतेच भार घेण्यासाठी आहे ते तासन्‌तास भाराखाली फिरत राहते. आवाज तापल्यावर येतो आहे, तेव्हा या दिशेनेही विचार व्हावा.

दहा-अकराचा पाना
ताई, आपण सांगितलेली सवय सोन्यासारखी आहे. अर्ध्या क्लचने प्लेट जळते, पेडलवर विसावलेल्या पायाने बेअरिंग जाते, दोन्ही खरे. फक्त निदान करताना एवढे ध्यानात ठेवू की जळणारी प्लेट बहुधा वास देते, घसरते किंवा गाडी उचलताना थरथरते; नुसता पेडल हलवल्याचा आवाज ती सहसा देत नाही. कुंभार्लीकरांची गाडी घसरत नाही आणि थरथरतही नाही, म्हणून प्लेटला मी तूर्त दोषी धरत नाही.

बेल्टवाला
एक शक्यता राहून गेली. क्लच दाबला की इंजिनवरचा भार बदलतो, फेरेही किंचित बदलतात, आणि अल्टरनेटरचा सैल किंवा गुळगुळीत झालेला पट्टा नेमका त्या क्षणी किंचाळतो. क्लच पेडल दाबण्याशी आवाज जुळतो म्हणून क्लच बदललेला आणि दोष पट्ट्याचा निघालेला, अशी गाडी मी पाहिली आहे. न्यूट्रलमध्ये, क्लचला हात न लावता, एसी आणि दिवे लावून पाहा. तसाच आवाज आला तर पट्टा पाहा. पट्ट्याच्या जवळ काम करताना ओढणी, सैल बाही, मोबाइलची दोरी यांना लांब ठेवा.

कुंभार्लीकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी घाटातून उतरल्यावर गाडी तापलेली असतानाच परीक्षा केल्या. मुलाला पेडलवर बसवले आणि मी बॉनेटपाशी राहिलो.

इंजिन बंद असतानाही आवाज येतो, आणि तो हुबेहूब तोच आहे. डॅशबोर्डखाली पेडलच्या पिनवर बोट ठेवले तेव्हा काहीच जाणवले नाही. आवाज बॉनेटमधून, बॅटरीच्या खालच्या बाजूने, गिअरबॉक्सकडून येतो. वायरचे टोक ज्या लिव्हरला अडकवलेले आहे त्याच्या मुळाशी, जिथे शाफ्ट गिअरबॉक्सच्या घरात शिरतो, तिथे बोट टेकवून मुलाला पेडल सावकाश दाबायला सांगितले, तेव्हा स्पष्ट खरखर जाणवली आणि शाफ्ट सलग न फिरता अडखळत फिरतो आहे असे वाटले. शाफ्टवरची रबरी टोपी फाटलेली आहे आणि तिच्या कडेला तांबूस, वाळलेला गाळ दिसतो.

गाळ पाहून एक गोष्ट आठवली, ती महत्त्वाची असू शकेल. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ही गाडी आमच्या आवारातच उभी होती. पाणी सीटच्या खालपर्यंत चढले होते. नंतर इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेकचे काम, आतली सफाई असे सर्व रीतसर करून घेतले होते.

दहा-अकराचा पाना
आता चित्र स्पष्ट झाले. निदान आपणच केलेत.

गिअर ऑइल बदलल्याने गिअरबॉक्सचा आतला भाग स्वच्छ होतो. परंतु क्लच ज्या घरात बसतो ते घर वेगळे आणि कोरडे असते, त्यात तेल नसते आणि नसलेच पाहिजे. फोर्कच्या शाफ्टच्या बाजूने आणि खालच्या फटींतून पुराचे पाणी तिथे शिरते. पाणी नंतर निथळून जाते, गाळ मात्र राहतो. फोर्कच्या शाफ्टला आधार देणारे बुश आणि त्यांतले ग्रीस यांत तो मिसळला की काही काळ ग्रीस तग धरते, पुढे ते सुकते आणि शाफ्ट बुशमध्ये कोरडा फिरू लागतो. घाटात क्लचचे घर तापले की उरलेसुरले ग्रीस पातळ होऊन बाजूला सरते आणि चीं-चीं सुरू होते. थंड झाल्यावर बंद होते. पेडल जड वाटण्याचे कारणही बहुधा हेच, कारण पायाचा काही जोर त्या घर्षणात खर्ची पडतो आहे.

टोपी उचलून शाफ्टवर बाहेरून ग्रीस सोडण्याचा मोह होईल. वरच्या बुशपुरता त्याने थोडा आराम मिळेलही, पण खालच्या बुशपर्यंत ते पोहोचत नाही, आणि पातळ तेल सोडले तर ते ओघळून क्लच प्लेटवर जाण्याचा धोका आहे. प्लेटच्या अस्तराला तेल लागले की ती घसरते किंवा थरथरते, आणि मग चांगली प्लेट नाहक बदलावी लागते. तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, पण काय पाहायचे हे ठरवून.

उतरवल्यावर आपण स्वतः तिथे उभे राहा. शाफ्ट बाहेर काढून त्यावर चर पडले आहेत का पाहा. दोन्ही बुश, शाफ्टची सील आणि रिलीज बेअरिंग नवीन घाला. बेअरिंग बंद, आयुष्यभराच्या ग्रीसचे असते. ते पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुऊन परत बसवू देऊ नका, कारण आत शिरलेले रॉकेल तेच ग्रीस पातळ करते. प्लेटचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यावर किती उरले आहे ते मोजायला सांगा. सर्वसाधारणपणे ०.३ ते ०.५ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा मानतात, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधील आकडा प्रमाण. इनपुट शाफ्टच्या खाचांवर ग्रीस लावायचे ते बोटाने पुसून घेतल्यावर उरेल इतकेच. जास्त लावले तर फिरताना ते उडून प्लेटवर जाते. शेवटी वायरचे फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी चाल, मॅन्युअलप्रमाणे ठेवा. वायर ताणून ठेवली तर नवे बेअरिंगही सतत टेकलेले राहील.

पुणे-सातारा
म्हणजे गिअरबॉक्स उतरवणार हे नक्की झाले. मग माझा मुद्दा पुन्हा मांडतो : सेटच घाला.

फोंड्याहून
प्लेट मोजल्याशिवाय का? पुरेसे अस्तर उरले असेल तर ती फेकून देणे मला पटत नाही. शिवाय नुसता सेट घातला असता आणि बुशकडे कोणी पाहिलेच नसते, तर सगळे पैसे मोजूनही आवाज तसाच राहिला असता. क्लचच्या नेहमीच्या सेटमध्ये प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग येते. शाफ्टचे बुश वेगळे मागावे लागतात.

पुणे-सातारा
बुशबद्दलचे म्हणणे मान्य, ते माझ्या लक्षात आले नव्हते. प्लेटबद्दल माझे मत कायम आहे, विशेषतः पुराचे पाणी पाहिलेल्या गाडीत.

कुंभार्लीकर
काम झाले. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तेथील मिस्त्रींनी परीक्षांची हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि आधी स्वतः लिव्हरला हात लावून पाहिले.

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा क्लचच्या घराच्या तळाशी वाळलेल्या गाळाचा बोटभर थर होता. खालचा बुश गंजाने शाफ्टला जवळजवळ धरून बसला होता आणि शाफ्टवर, बुशच्या जागी, नखाला लागेल असा चर पडला होता. म्हणून शाफ्टही नवीन घातला. रिलीज बेअरिंग हाताने फिरवल्यावर खरखर करत होते, तेही बदलले. प्लेटवर अस्तर मर्यादेच्या दुपटीहून अधिक होते, कोठेही तेल किंवा जळाल्याचा निळसर डाग नव्हता, प्रेशर प्लेटची टोके एकसारखी होती. मिस्त्रींनी निर्णय माझ्यावर सोडला आणि मी दोन्ही तशीच ठेवली. फ्लायव्हीलवरचा वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढला. काल घाट चढून कराडला जाऊन आलो. आवाज नाही, आणि पेडल इतके हलके झाले आहे की पहिल्या काही सिग्नलना पाय अंदाजापेक्षा जास्त आत जात होता.

चिपळूण, महाड किंवा सांगली-कोल्हापूरकडील ज्या कोणाच्या गाड्या पुरात उभ्या होत्या त्यांनी फोर्कच्या शाफ्टवरची ती रबरी टोपी एकदा पाहून घ्यावी, अशी आग्रहाची विनंती.

पंचगंगाकाठ
विनंती मनावर घेऊन आज लगेच पाहिले. आमची गाडी २०१९ च्या पुरात होती. टोपी शाबूत आहे आणि इंजिन बंद असताना पेडल अगदी शांत चालते. मात्र न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना बारीक घरघर येते आणि क्लच पूर्ण दाबला की ती थांबते. हे पाना काकांच्या यादीतील इनपुट शाफ्टचे बेअरिंग समजावे का? गाडी अशीच चालवली तर चालेल का?

दहा-अकराचा पाना
संशय तिकडेच जातो, पण आधी गिअर ऑइलची पातळी पाहा. ते नुकतेच बदलले नसेल तर सपाट जागी खालचा प्लग उघडून तेल स्वच्छ भांड्यात घ्या. दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे. प्लगला चुंबक असेल तर त्यावर बारीक करडी पेस्ट असणे नेहमीचे. चकचकीत कपच्या निघाल्या तर बेअरिंग किंवा गिअरचे दात झिजत आहेत. कपच्या नसतील तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचे नवे तेल भरा, आठवडाभर चालवा आणि घरघर कमी झाली का ते सांगा. कपच्या असतील तर लांबचा प्रवास टाळा आणि गिअरबॉक्स उघडून घ्या, कारण ते बेअरिंग फुटले तर त्याचे तुकडे गिअरमध्ये जातात आणि मग दुरुस्ती एका बेअरिंगवर थांबत नाही. भांड्यातल्या तेलाचा आणि प्लगचा फोटो उजेडात काढून येथे टाका.